कुत्र्याने चहा पावडर, कॉफी किंवा डोकेदुखीची गोळी खाल्ली तर काय करायचं

तुमच्या कुत्र्याने आत्ताच चहाची पावडर, कॉफी, एनर्जी ड्रिंक नाहीतर गोळ्यांची पट्टी खाल्ली असेल आणि तुम्ही घाईत हे उघडलं असेल तर आधी एवढंच वाचा, बाकीचं नंतर. उरलेला माल त्याच्यासमोरून उचला. पाकीट किंवा पट्टी फेकू नका, खिशात ठेवा. किती वाजता खाल्लं, अंदाजे किती खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, या तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा. मिठाचं पाणी पाजू नका, बोट घालून उलटी काढू नका आणि "बघू तासभर, काही वाटलं तर नेऊ" हे तर अजिबात करू नका, कारण जास्तीत जास्त जे करता येतं ते पहिल्या तासा-दोन तासांतच करता येतं. बस, निघा.

आता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, बामणोदची भरीताची वांगी जिथली तिकडचंच. थंडी पडली की शेतात भरीत पार्टी होतेच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडजीत म्हणजे लाकडी भांड्यात घालून ठेचायची, सोबत कळण्याच्या पुऱ्या, आणि ज्यांना भरीताला वेळ आहे त्यांना आधी चहा. आमच्या कुत्र्याचं नाव काळू, पण आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो म्हणून आबा त्याला कायू म्हणतात आणि तो त्याच नावाला जास्त ओ देतो. गावठी कुत्रा आहे, तेव्हा वजन 14 किलो. शेतात जाताना आम्ही चहा आणि साखर वेगवेगळी नेत नाही, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत मिसळून पुडी बांधतो, दूध वेगळ्या किटलीत. त्या दिवशी पहिला चहा झाल्यावर पुडी तशीच मचाणाच्या खाली राहिली. अर्ध्या तासाने माझं लक्ष गेलं तेव्हा पिशवी फाटलेली, आजूबाजूची माती चाटून ओली केलेली आणि काळूच्या दातांच्या फटीत चहाचे काळे दाणे अडकलेले. नुसती चहा पावडर कुत्रं खात नाही हो, कडू लागते, पण साखर मिसळलेली असली की ते साखरेसाठी सगळंच खातं. ही साखर-चहाची पुडी खानदेशात शेतोशेती असते म्हणून मुद्दाम लिहितोय.

मी घाबरलो तर सगळे म्हणाले "त्याले काय होते भो, रोज तर बशीतला चहा पितो!" आणि हे खरं होतं, आबा रोज सकाळी उरलेला चहा त्याच्या बशीत ओतायचे. इथेच सगळ्यांची गल्लत होते. बशीतला चहा आणि पुडीतली पावडर या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक हिशोबाशिवाय कळत नाही, म्हणून आधी हिशोब.

चहाच्या कोरड्या पावडरीत वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के कॅफीन असतं. म्हणजे 100 ग्रॅम पावडरीत 2 ते 4 ग्रॅम, आणि एक ग्रॅम म्हणजे 1000 मिलिग्रॅम. कुत्र्यांच्या बाबतीत डॉक्टर लोक दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम गेलं ते बघतात. साधारण 20 मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होतो, उलटी, जुलाब, खूप तहान, बेचैनी. 40 ते 50 च्या पुढे गेलं की हृदयावर परिणाम, ठोके भरधाव आणि वेडेवाकडे पडायला लागतात. 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. आणि 140 च्या आसपास गेलं तर निम्मी कुत्री मरतात असा आकडा पशुवैद्यकाच्या पुस्तकात दिलेला असतो, पण त्याच्या खूप खालीही कुत्री गेलेली आहेत, तेव्हा "140 झालं नाही ना मग ठीक" असं कोणी धरू नये. म्हातारं कुत्रं, हृदयाचा आजार असलेलं, पिल्लू, यांना कमीतही जास्त होतं.

काळूने साधारण 25 ग्रॅम पावडर खाल्ली असावी. म्हणजे कमीत कमी 500 आणि जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅम. त्याला 14 ने भागा, दर किलोला 35 ते 70. म्हणजे आमचा कुत्रा हृदयाच्या आणि झटक्याच्या हद्दीत उभा होता आणि बाकी सगळे भरीताला मिरच्या किती घालायच्या यावर बोलत होते. त्यांचा दोष नाही, कोणालाच माहिती नव्हतं.

आता बशीतल्या चहाचं. कपभर दुधाच्या चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं, बशीत उरलेला दोन घोट म्हणजे फार तर दहा-पंधरा. 14 किलोच्या कुत्र्याला त्याने विषबाधा होत नाही, हे मी स्पष्ट लिहितो कारण उगाच घाबरवायचं नाहीये. पण दोन किलोचं पिल्लू असेल तर? त्याची 20 ची पायरी 40 मिलिग्रॅमलाच येते, म्हणजे एक भरलेला कप. लग्नघरात पाच जणांनी प्रेमाने पाच बशा पाजल्या की झालं. शिवाय त्या चहात साखर असते, दूध असतं, आपल्याकडे आलं-मसालाही असतो, त्यातलं काहीच कुत्र्याच्या पोटाला लागत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला चहाच्या वासाची ओढ लागते. काळूला रोजच्या बशीमुळेच तो वास ओळखीचा झाला होता, मग पुडी दिसल्यावर तो सोडेल कसा. म्हणून आबांना समजावून बशी बंद केली. रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, पण बंद केली.

बाकी कुठल्या वस्तूत किती असतं ते पण सांगून ठेवतो. इन्स्टंट कॉफी, म्हणजे चिकोरी नसलेली, तिच्यात 100 ग्रॅमला साधारण 3 ग्रॅम कॅफीन, म्हणजे छोट्या चमच्यात (2 ग्रॅम) 60 मिलिग्रॅम. चिकोरी मिसळलेली असेल तर तेवढं कमी, पण पाऊच फाडून खाल्लं तर कमी-जास्त काही उरत नाही. कोला थंड पेयात 100 मिलीला 10 च्या आसपास. एनर्जी ड्रिंकसाठी आपल्या देशात नियम आहे, लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम, आणि बाटलीवर ते छापलेलं असतं, तर 250 मिलीच्या बाटलीत 36 ते 75 धरा. हे एनर्जी ड्रिंकचं मुद्दाम वेगळं सांगतो कारण आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं पहाटे ग्राउंडवर येतात, पळून झालं की बाटली फोडतात, आणि ग्राउंडवरची कुत्री त्यांच्या मागे पळून पळून मित्र झालेली असतात, मग झाकणात किंवा कागदी कपात त्यांनाही ओततात. पोरं मनाने चांगली आहेत, कुत्र्याला बिस्कीट पण आणतात. पण धावून आधीच ठोके वाढलेल्या कुत्र्याला कॅफीन देणं म्हणजे धडधडत्या इंजिनवर अजून रेस द्यायची. त्यांना साधं पाणी ओता म्हणावं.

जिमवाल्यांच्या प्री-वर्कआउट पावडरीत आणि वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये फार कॅफीन असतं, एका चमच्याला 150 ते 300 पर्यंत, आणि वर गोड फळाचा वास असतो. ही डबी घरात असेल तर ती औषधाच्या कपाटात, कुलुपात.

आणि गोळ्या. डोकेदुखीच्या, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीन असतं, कशात 30, कशात 50, अर्धशिशीच्या काही गोळ्यांत 100. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात कॅफीन लिहिलेलं असतं, एकदा आपल्या घरातल्या पट्ट्या चष्मा लावून वाचून काढा. याच गोळ्यांत पॅरासिटामॉल पण असतं आणि ते कुत्र्याच्या लिव्हरला वेगळं मारतं, मांजराला तर एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. म्हणून गोळी खाल्ली असेल तर फक्त कॅफीनचा हिशोब करत बसू नका, पट्टी घेऊन सरळ डॉक्टर.

चॉकलेटबद्दल सगळ्यांना थोडंफार माहिती असतं. त्यात कॅफीन थोडं पण त्याचाच भाऊ थिओब्रोमिन भरपूर असतो, आणि तो कुत्र्याच्या अंगातून फार हळू जातो, निम्मा व्हायला 17-18 तास, कॅफीनला साडेचार तासांच्या आसपास. जितकं काळं आणि कडू चॉकलेट तितकं वाईट, केकसाठी आणलेली कोको पावडर सगळ्यात वाईट. कॉफी-चॉकलेट दोन्ही असलेली बिस्किटं, केक, तिथे दोघांची बेरीज करायची.

आता उकिरड्यावरच्या चोथ्याचं. लग्न, तेरवी, कानबाई, भंडारा, मोठ्या पातेल्यात चहा होतो आणि गाळलेला चोथा मागच्या अंगणात ओततात, त्यात साखर-दूध मुरलेलं असतं आणि गावातली कुत्री त्यावर तुटून पडतात. चांगलं उकळलं की बरंचसं कॅफीन चहात उतरतं, म्हणून चोथा पावडरीइतका घातक नाही. पण सगळं उतरत नाही, आणि चोथा किलोच्या हिशोबाने पडलेला असतो. खड्डा करून त्यात टाका, वरून दोन घमेली माती. गुलाबाच्या कुंडीत चहाचा चोथा घालणाऱ्यांनी पण तो मातीखाली दाबावा, पिल्लू असलेल्या घरात तर घालूच नये.

कॅफीन अंगात जाऊन करतं काय ते थोडक्यात. अंगात अॅडेनोसिन नावाचा एक पदार्थ असतो, तो मेंदूला "आता शांत हो" असं सांगत असतो. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, मग शांत व्हायचा निरोप पोचतच नाही. वरून अॅड्रेनलिनसारखे पदार्थ सुटतात, स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, त्यामुळे हृदय जोरात आणि स्नायू ताठ. आपण माणसं एका कपाने तरतरीत होतो ते आपलं वजन साठ-सत्तर किलो असतं म्हणून, शिवाय आपण थांबतो. कुत्रं पिशवी संपेपर्यंत थांबत नाही.

आता लक्षणं, आणि हा भाग नीट वाचा कारण इथे कुत्र्याचा जीव दुसऱ्याच कारणाने जाऊ शकतो.

खाल्ल्यावर अर्धा तास ते दोन तासांत सुरुवात होते. पहिल्यांदा कुत्रं नुसतं उत्साही वाटतं. इकडे तिकडे करतं, बसत नाही, उठतं, परत बसतं, कान ताठ, डोळे मोठे. लोक म्हणतात "बघ कसा खूष आहे". मग तोंड उघडं टाकून धापा, थंडीच्या दिवसातही. लाळ. वारंवार पाणी, वारंवार लघवी. उलटी. मग मांडीचे, खांद्याचे स्नायू थरथरायला लागतात, आवाज झाला की दचकतं, पाय ताठ करून चालतं, विनाकारण पळत सुटतं. शेवटी झटके.

आता हे चित्र गावातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. लाळ गळतेय, थरथरतंय, डोळे वटारलेत, सैरावैरा पळतंय. कोणीतरी ओरडतंच, "कुत्रं पिसायलं रे!" आणि पोरं दगड, काठ्या घेऊन मागे. काळूच्या वेळी अगदी हेच झालं, शेजारच्या शेतातल्या माणसाने काठी उचललीच होती, मी मध्ये उभा राहिलो आणि फाटलेली पुडी दाखवली म्हणून तो थांबला. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी असं मध्ये उभं राहणारं कोणी नसतं. म्हणून फरक लक्षात ठेवा. कॅफीनची बाधा तासा-दोन तासांत चढते, सकाळी चांगलं असलेलं कुत्रं दुपारी असं होतं आणि जवळपास फाटलेलं पाकीट, चोथा, ओकलेलं काळं काहीतरी सापडतं. रेबीजमध्ये कुत्र्याचं वागणं दिवसांमध्ये बदलत जातं, आवाज बदलतो, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडत जातात. तरीपण नुसतं बघून रेबीज नाही असं छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. अनोळखी कुत्रं असेल तर तोंडाजवळ हात नेऊ नका, लांबून पोतं, जाळी किंवा दोराचा फास वापरा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, कुत्रं नंतर बरं झालं तरी आधी लस सुरू करायची.

ठोके कसे मोजायचे ते शिकून ठेवा, आजच, कुत्रं बरं असताना. डावीकडे पुढच्या पायाचं कोपर छातीला जिथे टेकतं तिथे तळहात ठेवा. घड्याळ बघून 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. मध्यम-मोठं कुत्रं शांत असताना 60 ते 120 च्या मध्ये कुठेतरी येतं, लहान जातीचं 140 पर्यंत. तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा काय ते माहिती असलं की त्या दिवशी फरक लगेच कळतो. त्या दिवशी मी काळूच्या छातीवर हात ठेवला तर मोजताच येईना, बोटांखाली पोत्यातले दाणे घरंगळावेत तसं नुसतं तुरतुर तुरतुर, मध्येच एक ठोका गाळून परत तुरतुर. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला स्वतःला कळत नव्हतं आपल्याला काय होतंय, शेपटी मात्र हलवत होता.

वजन पण आजच करून ठेवा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, वजाबाकी करायची. मोठं कुत्रं असेल तर भुसार दुकानातला धान्याचा काटा आहेच.

आता करायचं काय ते. सुरुवातीला लिहिलं तेच, पण कारणांसकट.

डॉक्टरला फोन. आम्ही पहिला ज्याला लावला त्याने उचललाच नाही, रविवार होता, दुसऱ्याने उचलला. म्हणून मोबाइलमध्ये एक नाही, तीन नंबर हवेत: जवळचा खाजगी पशुवैद्य, तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, आणि जवळच्या मोठ्या गावातला, म्हणजे भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार जे जवळ पडेल तिथला, कुत्री-मांजरं बघणारा डॉक्टर. कारण खेड्यातल्या बऱ्याच दवाखान्यांत गाई-म्हशींची औषधं असतात पण हृदयाचे ठोके बघायचं मशीन नसतं. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, तोही लावून बघा, पण गाडी येईल म्हणून घरी बसून राहू नका, स्वतःचं वाहन काढा. फोनवर चारच गोष्टी सांगा: वजन, काय खाल्लं, किती, किती वाजता. "डॉक्टर कुत्र्याला कसंतरी होतंय" एवढं सांगून त्यांना काहीच कळत नाही.

उलटी घरी काढायची नाही. मिठाचं पाणी हा आपल्याकडचा जुना उपाय, पण कुत्र्याच्या रक्तात मीठ वाढलं की मेंदूतलं पाणी ओढलं जाऊन झटके येतात, म्हणजे एक विष काढायला दुसरं घातलं. थरथरणाऱ्या कुत्र्याला उलटी काढली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यात तर हा धोका अजून जास्त. डॉक्टरकडे त्यासाठी इंजेक्शन असतं, कुत्रं शुद्धीत आहे का ते बघून ते देतात.

चुलीतला कोळसा वाटून पाजायचा नाही. कोणीतरी हे सांगतंच, कारण डॉक्टर काळी पावडर देतात हे लोकांनी पाहिलेलं असतं. ती वेगळी असते, अॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणतात, विशेष प्रक्रिया करून तिच्यात बारीक बारीक छिद्रं केलेली असतात आणि ती विष धरून ठेवते. चुलीतला कोळसा, राख, यांनी काही होत नाही, फक्त वेळ जातो. तूप, ताक, दूध, एरंडेल, लिंबू, यातलं काहीही कॅफीन उतरवत नाही आणि थरथरणाऱ्या कुत्र्याला बळजबरीने पाजलेलं श्वासनळीत जातं. पाणी समोर ठेवा, स्वतःहून प्यायलं तर पिऊ द्या, तेवढंच.

नेताना शांतता ठेवा. दहा जण गोळा होतात, कोणी हाका मारतं, कोणी पाठ थोपटतं, आणि प्रत्येक आवाजाला कुत्र्याचे ठोके अजून वाढतात. पोत्यात किंवा चादरीत सैलसर गुंडाळा, डोळ्यांवर अंधार येईल असं बघा, एकाने धरा, एकाने गाडी चालवा. पळवत, चालवत तर अजिबात नेऊ नका. "फिरवलं की उतरेल" हे दारूचं सांगतात ना, ते इथे उलटं आहे.

उन्हाळ्यात हे सगळं दुप्पट अवघड. कॅफीनने थरथर सुटली की अंगाचं तापमान आतूनच वाढतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास असतो, मग बाहेरूनही भट्टी आणि आतूनही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 104 च्या वर गेलं की धोका. पोट, जांघा, पायाचे तळवे साध्या पाण्याने ओले करा, वारा घाला, गाडीत असाल तर खिडकी उघडी. बर्फ नको, बर्फाने कातडीच्या नसा आकसतात आणि उष्णता आतच कोंडते.

झटका आला तर जीभ धरायला जाऊ नका, कुत्रं जीभ गिळत नाही, तुमची बोटं मात्र तुटतील. आजूबाजूचे दगड, भांडी बाजूला करा, डोक्याखाली कापड, आणि घड्याळ लावा, किती मिनिटं चालला ते डॉक्टरला सांगायचं आहे.

आम्ही तापीचा पूल ओलांडून भुसावळला पोचलो तेव्हा खाल्ल्याला दीड तास होत आला होता. वाटेत एकदा आपोआप उलटी झाली, काळी, साखरेच्या गोड वासाची, ती पण आम्ही पिशवीत घेतली होती आणि डॉक्टर म्हणाले बरं केलं. तिथे काय करतात ते सांगतो म्हणजे तुम्हाला घाबरायला होणार नाही. आधी छाती तपासली, उलटीचं इंजेक्शन दिलं, मग काळी पावडर पाण्यात कालवून हळूहळू पाजली. ही पावडर काही वेळा परत परत द्यावी लागते, कारण कॅफीन यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात शोषलं जातं. सलाईन लावलं. थरथर आणि झटक्यांसाठी डायझेपामसारखं औषध असतं, आणि ठोके फारच वाढले तर ते आवरायचं वेगळं इंजेक्शन. कॅफीनवर उतारा असं एक औषध नाहीये, जे अंगात गेलंय ते शरीराने बाहेर टाकेपर्यंत हृदय आणि मेंदू सांभाळायचा, हाच सगळा उपचार. म्हणून "एक इंजेक्शन द्या आणि सोडा" असा हट्ट धरू नका, ठेवून घ्यायचं म्हणाले तर ठेवा.

एक गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा कळली आणि ती घरी आणल्यावर फार उपयोगी पडली. कॅफीन लघवीत उतरतं, पण लघवी मूत्राशयात साठून राहिली तर तिथूनही ते परत रक्तात शोषलं जातं. दवाखान्यात त्यासाठी कधी नळी घालतात. घरी आणल्यावर दर दोन-तीन तासांनी दोरी बांधून हळूच बाहेर न्यायचं, लघवी करू द्यायची, परत अंधारात झोपवायचं. रात्री मी गजर लावून चार वेळा उठलो. चौथ्या वेळी, पहाटे, छातीवर हात ठेवला तर पहिल्यांदा ठोके मोजता आले, 15 सेकंदांत 26.

त्रास साधारण 12 ते 36 तास राहतो, जास्त खाल्लं असेल तर तीन दिवसही. त्या काळात मऊ साधा भात थोडा थोडा, तेल-तिखट-लसणाशिवाय. शेवभाजीचा रस्सा नको, हे सांगावं लागतं कारण आमच्याकडे आजारी कुत्र्याला पण प्रेमाने तेच वाढतात, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला एरवीही वाईटच. परत उलटी, परत थरथर, लघवी बंद, लडखडत चालणं, काहीही दिसलं तर परत दवाखाना, दुसऱ्या दिवशीची वाट नाही.

घरातल्या सवयी बदलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. चहा-साखरेची पुडी आता प्लास्टिकच्या पिशवीत नाही, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जाते आणि शेतात पोचल्यावर तो डबा निंबाच्या फांदीला टांगतो, जमिनीवर ठेवतच नाही. पाहुण्यांच्या पर्स आणि प्रवासाच्या बॅगा खाली ठेवू देत नाही, डोकेदुखीच्या गोळ्या तिथेच असतात. मुलांना सांगितलंय की कुत्र्याने काही खाल्लं तर मार पडणार नाही, पण लपवलं तर वेळ जाईल, कारण मुलं भीतीने पाकीट लपवतात आणि तिथेच अर्धा तास जातो.

राहिले आबा. त्यांना काळूला रोज सकाळी काहीतरी द्यायचंच असतं, ते त्यांचं प्रेम आहे, ते बंद करा म्हणून चालत नाही, बदली काहीतरी द्यावं लागतं. आपण केळीच्या मुलखातले, मग केळंच दिलं. साल काढून दोन बोटं जाडीचे एक-दोन काप, 14-15 किलोच्या कुत्र्याला तेवढं पुरतं, जास्त दिलं तर पोट बिघडतं. कधी भाकरीचा कोरडा तुकडा. आता सकाळी आबांचा चहा होतो, काळू शेजारी बसून केळ्याकडे बघतो, बशीकडे नाही.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. वर तीन डॉक्टरांचे नंबर आणि 1962, खाली काळूचं वजन, नेहमीचे ठोके, आणि त्याच्या 20 च्या आणि 40 च्या पायरीला किती मिलिग्रॅम होतात ते. आधी लिहिलं होतं 14 किलो, 280 आणि 560. परवा काट्यावर 15 भरला, म्हणून आबांनी स्वतः चष्मा लावून ते खोडलं आणि 300 आणि 600 लिहिलं.